तंबू तीन किलोचा, पण ओझं नेमकं कशाचं?

नाशिक भागातल्या एका ४७ वर्षांच्या वाचक ताईंचं पत्र आलंय. बरीच वर्षं एका दिवसाचे ट्रेक करतात, आता डिसेंबरमध्ये वीस वर्षांच्या लेकीला घेऊन पहिल्यांदाच तीन मुक्कामांचा रेंज ट्रेक (एका डोंगरावरून पुढच्या डोंगरावर असा सलग) ठरवलाय: रतनवाडीतून रतनगड, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. घरात एक जुना चार माणसांचा डोम तंबू आहे, वजन ३ किलो २०० ग्रॅम. सॅक भरून बघितली तर १३ किलो झाली आणि गुडघे आधीच कुरकुरतायत. ट्रेकवाल्या मैत्रिणीने सांगितलं की परदेशातून येणारा, ट्रेकिंग पोलवर (चालताना धरायच्या काठीवर) उभा राहणारा ९०० ग्रॅमचा तंबू घे, ४५ हजारांचा. भाचा म्हणतो नुसता टार्प पुरे, म्हणजे दोऱ्यांनी ताणून वर बांधायचं कापड. एक जुने जाणते ट्रेकर म्हणाले की गुहा आणि देवळं असताना सह्याद्रीत तंबू लागतोच कशाला. आणि नवऱ्याचं म्हणणं, दोघी बायका उघड्यावर झोपणार असाल तर जायचंच नाही. ताई विचारतात, यातलं खरं कोणाचं मानू, आणि जे घेईन ते पुढच्या मे महिन्यात उत्तराखंडला पण चालेल का?

ताई, आधी एक सांगते, रूट फार सुरेख निवडलाय. कात्राबाईच्या जंगलातून लेकीबरोबर चालायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, तेव्हा तंबूच्या घोळात हा बेत पुढे ढकलू नका.

आता हिशोब करू. तुमचा तंबू ३ किलो २०० ग्रॅमचा, पण तो दोघींत वाटला जाणार, एकीने कापड घ्यायचं आणि दुसरीने पोल, पेगा (जमिनीत ठोकायच्या खुंट्या) आणि वरचं कव्हर, म्हणजे तुमच्या पाठीवर साधारण १ किलो ६००. ४५ हजारांचा तंबू घेतलात तर तुमच्या वाट्याला साडेचारशे ग्रॅम. वाचलं किती, १ किलो १५० ग्रॅम. कमी नाही हे, उतारावर गुडघ्याला कळतं, पण आता तुम्हीच पाठवलेली यादी बघा. तीन जोड कपडे, स्टीलचे दोन डबे, सव्वा किलो चिवडा-फरसाण-लाडू, दोन पॉवर बँक, ४ लिटर पाणी. यातला एक जोड कपडे कमी करा (दुसऱ्या दिवशी घामाचा वास येणारच, सगळ्यांचाच येतो), स्टीलऐवजी साधे प्लॅस्टिकचे डबे किंवा झिपच्या पिशव्या घ्या, खाऊ निम्मा करा कारण कुमशेतला गरम भाकरी-पिठलं सांगून ठेवता येतं, आणि पाण्याचं गावातल्या वाटाड्याला विचारून ठरवा की कुठल्या टप्प्यावर भरायला मिळतं आणि कुठे नाही. जिथे मिळणार तिथपर्यंत ४ लिटर वाहून न्यायची गरज नाही. एवढ्यातच दोन-अडीच किलो सहज उतरतं आणि एक रुपया खर्च होत नाही. सामान तोलायचा तो छोटा हुकवाला काटा मिळतो ना, त्यावर प्रत्येक वस्तू वेगळी तोलून कागदावर लिहा, मग कळेल की खरं ओझं कशाचं आहे.

हे झाल्यावर तंबूकडे येऊ, आणि तिथे तुमच्या पत्रात मला एक गोष्ट खटकली. तुम्ही चौघांची चार मतं लिहिलीत पण तीन रात्री कुठे काढणार हे एका ओळीत उरकलंत. मला वाटतं सुरुवात उलटीकडून करायला हवी. पाठ टेकणार ती जागा कशी आहे, कातळ की माती, वर झाड की उघडं आकाश, पाणी किती जवळ, वारा कुठून, शेजारी कोण, हे आधी, आणि ग्रॅम नंतर.

पहिली रात्र रतनगडावर धरलीय. वर गुहा आहे, जाणते काका म्हणतात ते बरोबर, पण ते ज्या काळात फिरले तेव्हा गडावर गर्दी नव्हती. आता डिसेंबरातल्या शनिवारी संध्याकाळी पोचलात तर गुहा आधीच भरलेली सापडू शकते, आणि तिथे जागा मिळाली तरी धूर, रात्रभर गप्पा, सॅक कुरतडणारे उंदीर आणि जिथे गुरं-शेळ्या बसतात तिथे पिसवा, हे सगळं आलंच. (खाऊची पिशवी सॅकमध्ये ठेवून झोपू नका, उंदीर सॅकच फाडतो. दोरीने उंच टांगा.) गुहेच्या भरवशावर जाणं चुकीचं नाही, पण गुहा हा एकच बेत असू नये. जमलं तर शुक्रवारची रात्र धरा नाहीतर आठवड्याच्या मधले दिवस.

दुसरी रात्र कुमशेत. गाव आहे, माणसं आहेत, कोणाच्या तरी ओट्यावर किंवा पडवीत झोपायची सोय होते, आधी फोन करून विचारा, जेवणाचे आणि राहायचे पैसे न मागता व्यवस्थित द्या. इथे तंबू लावलात तरी गावाच्या कडेला, विचारून. तिसरी रात्र हरिश्चंद्रगड, तिथे वर स्थानिक लोक तंबू भाड्याने देतात आणि जेवणही करून देतात. म्हणजे ताई, तीन रात्रींपैकी स्वतःचं छप्पर लागेलच अशी खात्री कुठल्याच रात्रीची नाही, आणि तरी ते जवळ असावं असं माझं मत आहे, कारण वाट चुकली, उशीर झाला, कोणाचा पाय मुरगळला तर खिंडीच्या अलीकडेच रात्र काढावी लागू शकते. आणि हो, हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, मुक्काम कुठे करू देतात आणि कुठे नाही हे नियम बदलत असतात, निघायच्या आदल्या आठवड्यात रतनवाडी आणि पाचनईत विचारून घ्या.

आता तंबू नक्की करतो काय? डिसेंबरात सह्याद्रीत पाऊस बहुतेक नसतो, म्हणजे जाहिरातीत जे ३००० मिलिमीटर वॉटरप्रूफ वगैरे लिहिलेलं असतं त्याचा या ट्रेकला काही उपयोग नाही. त्रास होतो दवाचा, वाऱ्याचा आणि जमिनीतून येणाऱ्या गारठ्याचा. दव लोकांना माहीत असतं पण त्याची ताकद माहीत नसते. रात्री आकाश स्वच्छ असेल तर उघड्यावरचं कापड आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतं, म्हणून त्यावर पाणी धरतं, बाहेरून धरतं आणि आपल्या श्वासाच्या वाफेने आतूनही धरतं. पहाटे चारला उठून वरच्या कापडाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवून बघा, बोटामागे ओघळ येतो. आणि तंबू बुटका असेल तर स्लीपिंग बॅगेचं पायाकडचं टोक नेमकं तिथे टेकलेलं असतं, सकाळी ते ओलं, आत पिसं भरलेली असतील तर ती गोळा झालेली, आणि दुसऱ्या रात्री त्याच बॅगेत झोपायचंय.

म्हणून एक पदरी तंबू (आतला वेगळा पदर नसलेला, एकाच कापडाचा), जो तुमच्या मैत्रिणीने सुचवलाय, तो वजनाला हलका पण आपल्याकडच्या दवाला कटकटीचा. तो वापरणारे लोक मुरलेले असतात, दार उघडं ठेवून झोपतात, सकाळी आतून पुसून घेतात. दुसरी अडचण मोठी आहे. तो तंबू स्वतःच्या जीवावर उभा राहत नाही, त्याला चार-सहा पेगा घट्ट बसलेल्याच लागतात, आणि गडावर जमीन कसली तर वर बोटभर माती आणि खाली कातळ. पेग दोन इंच जाते आणि वाकते. मग दोऱ्या दगडांना बांधायच्या, तेही शिकून घेता येतं (दोरीच्या फासात एक काठी किंवा लांबट धोंडा अडकवायचा आणि त्याच्या पुढे मोठा दगड ठेवायचा, म्हणजे दोरी घासून तुटत नाही), पण अंधारात, वाऱ्यात, दमलेल्या अंगाने पहिल्याच ट्रेकला हे करायला लागू नये. आणि दगड घेताना गडाच्या तटबंदीचे, पडक्या वाड्याच्या जोत्याचे, समाधीचे दगड काढू नका, हे मी सगळ्याच वाचकांना कळकळीने सांगते. दर शनिवार-रविवारी कोणीतरी दोन-चार दगड काढतं आणि शेकडो वर्षं टिकलेलं जोतं विस्कटत जातं.

भाच्याचा टार्प. मला स्वतःला टार्प मनापासून आवडतो. तीन मीटर बाय तीन मीटरचा सिलिकॉन लावलेल्या नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा टार्प अर्ध्या किलोच्या आसपास येतो, खाली अंथरायला पातळ शीट, पेगा, दोरी, वर टांगायची मच्छरदाणी धरली तरी दोघींचं मिळून दीड किलोच्या आत बसतं. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, रात्री एकदा उठून ताणावं लागतं, पॉलिस्टर तेवढं पडत नाही, म्हणून घ्यायचा तर पॉलिस्टर बघा. टार्प झाडाखाली लावला तर दवही फार कमी धरतं कारण वर पानांचं छप्पर असतं, फक्त वाळकी फांदी डोक्यावर नाही ना हे उजेडात बघून घ्यायचं. वारा येतो ती बाजू जमिनीला टेकवायची आणि दुसरी बाजू उचललेली ठेवायची, हवा खेळती राहते, आत ओल धरत नाही, पडल्या पडल्या चांदणं दिसतं. दोन मित्र असतील, एकट्याने फिरणारा सराईत कोणी असेल, गाठी मारायची आवड असेल, तर हिवाळ्यातल्या सह्याद्रीला याच्याइतकं छान दुसरं काही नाही असं मी म्हणेन. पण मच्छरदाणीशिवाय नको. विंचू, घोणस, फुरसं हे सगळं आपल्याकडे आहे, घाबरवायला सांगत नाहीये, पण उघड्या शीटवर झोपून सकाळी बूट न झटकता पाय घालायचा, असं करू नये.

तरीही तुम्हाला मी आत्ता टार्प सुचवणार नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात की कपडे बदलायला आणि पाळीच्या दिवसात आडोसा हवा, आणि लगेच पुढे 'हे कारण कदाचित फालतू असेल' असं जोडलंत. ताई, हे अजिबात फालतू कारण नाही. गर्दीच्या गडावर चार भिंती, मग त्या कापडाच्या का असेनात, बाईला किती निवांत करतात हे ज्याला कधी गरज पडली नाही त्याला कळत नाही. वजनाच्या चर्चेत हा मुद्दा कोणी धरत नाही कारण चर्चा करणारे बहुतेक पुरुष असतात. तुम्ही तो पहिल्या नंबरवर धरा.

पण तुमच्या मिस्टरांच्या मुद्द्यावर थोडं वेगळं बोलते. त्यांची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नका, पण तंबू असला की सुरक्षित आणि नसला की धोका हे समीकरण बरोबर नाही. कापड कोणाला अडवत नाही, माणसाला नाही आणि जनावरालाही नाही. अडवतात त्या दुसऱ्याच गोष्टी: गावातला ओळखीचा वाटाड्या सोबत असणं, गावात आणि घरी आपला रूट लिहून देणं, मुक्काम वस्तीजवळ किंवा दुसऱ्या ट्रेकर ग्रुपजवळ करणं, अंधाराच्या तासभर आधी जागेवर पोचणं. बिबट्याची भीती वाटते असंही तुम्ही लिहिलंय. बिबट्या सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवा, गावातला कुत्रा बिस्किटं खाऊन तुमच्यामागे चालत येतो आणि रात्री तंबूला अंग टेकून झोपतो, लेकीला फार गोड वाटेल, पण बिबट्याच्या खाण्यात कुत्रा हमखास असतो. त्याला खायला घालून जंगलातल्या मुक्कामावर आणू नका, गावातच राहू दे. तुमच्या मिस्टरांना तंबूचं ब्रोशर दाखवण्यापेक्षा वाटाड्याचा नंबर आणि तीन रात्रींच्या जागा लिहिलेला कागद द्या, त्यांना जास्त बरं वाटेल.

मग माझं मत काय? दोन माणसांचा, दोन पदरी, स्वतःच्या पोलवर उभा राहणारा छोटा डोम, वजन २ किलोच्या आसपास. दोघींत वाटून एक-एक किलो. कातळावर पेगा न ठोकताही उभा राहतो, आत चार कोपऱ्यात सॅक किंवा दगड ठेवले की पुरतं, पण बाहेरच्या दोऱ्या तरीही बांधा, हरिश्चंद्रगडावर १४२४ मीटर उंचीवर वारा सुटला तर रिकामा तंबू उचलून नेतो. तिथल्या कोकणकड्याच्या, म्हणजे गडाच्या उभ्या कड्याच्या काठापासून तर लांबच लावा. आतला पदर जास्तीत जास्त जाळीचा असलेला बघा, पावसाची शक्यता नसेल आणि झाडाखाली असाल तर वरचं कव्हर अर्धं उघडं ठेवता येतं. बसल्यावर डोकं छताला लागत नाही ना, आडवं झाल्यावर पाय कापडाला टेकत नाहीत ना, हे दुकानात खरोखर आत झोपून तपासा, लेकीलाही झोपवा, लाजू नका. सोबत येणाऱ्या तारेच्या पेगा बहुतेक वेळा कुचकामी असतात, चांगल्या ॲल्युमिनियमच्या १५ ग्रॅमच्या आसपासच्या आठ पेगा वेगळ्या घ्या.

आणि लगेच विकत घेऊ नका. नाशिक, पुणे, मुंबईत तंबू भाड्याने मिळतात, गिर्यारोहण संस्थांमधले लोक ओळखीवर देतातही. या ट्रेकपुरता आणा, आवडला तर जानेवारीत घ्या. तुमचा जुना डोम वाया गेला असं समजू नका, गाडी जिथपर्यंत जाते तिथे, भंडारदऱ्याला वगैरे घरचे सगळे मिळून जाल तेव्हा तोच बरा. (तिथेही पाण्याच्या अगदी काठाला लावू नका, दव सगळ्यात जास्त तिथेच.)

वाचलेल्या पैशातून मॅट घ्या. लोक तंबूवर हजारो घालवतात आणि खाली घरातली सतरंजी अंथरतात, मग म्हणतात तंबूत थंडी वाजली. डिसेंबरात वर पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली जातो आणि थंडी पाठीतून शिरते, स्लीपिंग बॅग कितीही चांगली असली तरी अंगाखाली ती दबून जाते आणि ऊब धरत नाही. फोमची घडीची किंवा गुंडाळायची जाड मॅट तीनेकशे ग्रॅमची असते, फाटत नाही, काट्याने पंक्चर होत नाही, दुपारी बसायलाही होते. तंबूच्या तळाखाली एक पातळ शीट टाका, करवंदीचे काटे बारीक कापडातून आरपार येतात. शीट तंबूच्या बाहेर डोकावणार नाही एवढीच ठेवा, नाहीतर ओघळलेलं दव त्यावरून थेट तुमच्या खाली.

अशाच अडचणीतले अजून काही वाचक असतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी. ज्यांना जुलै-ऑगस्टमध्ये गडावर मुक्काम करायचाय त्यांनी कुठलाही हलका तंबू घेऊन जाऊ नये असं मला वाटतं, घाटमाथ्यावरचा पाऊस आडवा येतो, वारा पोल मोडतो, आणि ओल्या अंगाने रात्र काढणं जीवावर बेतू शकतं. पायथ्याच्या गावात राहा, पहाटे चढा. आणि प्रत्येक ठिकाणी तंबू लावता येतो असंही नाही, वासोट्यासारख्या कोयना अभयारण्यातल्या किल्ल्यावर मुक्कामाला परवानगीच नाही, संध्याकाळच्या आत खाली यावं लागतं. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नका, चहाच्या मोहात तर नकोच. कापड क्षणात पेटतं, बंद जागेत विषारी वायू साठतो, आणि दिवाळीनंतर बाहेर सगळं गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने डोंगर जातो.

जायच्या आधी तंबू एकदा गच्चीवर लावा, आणि मुद्दाम गच्चीवरच, कारण तिथे पेग ठोकता येत नाही, कातळासारखंच. विटा आणि पाण्याचे कॅन वापरून दोऱ्या ताणायच्या, दिवे बंद करून फक्त हेडटॉर्चवर, दोघींनी मिळून, आणि मग पुढच्या वेळी लेकीने एकटीने. रात्र पण काढा तिथे. कुठे कापड टेकतं, कुठली चेन अडकते, मध्यरात्री बाहेर पडताना कोण कोणाच्या अंगावरून जातं, हे घरीच कळलेलं बरं. एक सुती पंचा सोबत ठेवा, सकाळी आतून पुसायला. आणि घरी आल्यावर कितीही दमलात तरी तंबू पिशवीतून काढून दोरीवर वाळत टाका, ओला बांधून ठेवला तर आतला थर चिकट होतो, वास धरतो, मग तो तंबू पाण्याला अडवत नाही.

उत्तराखंडचं विचारलंत. मे महिन्यात तिथे दुपारनंतर ढग भरून गारा पडू शकतात, झाडं संपतात त्या उंचीवर वाऱ्याला आडोसा नसतो, हा छोटा जाळीचा डोम तिथे गार पडेल. पण तुम्ही ट्रेक कंपनीबरोबर जाणार असं लिहिलंय, तर बुकिंग करताना नीट विचारा, बहुतेक ठिकाणी तंबू आणि स्लीपिंग बॅग तेच देतात. देत असतील तर हिमालयासाठी म्हणून आत्ता काहीच घेऊ नका. तुमची फोमची मॅट मात्र सोबत न्या, त्यांनी दिलेल्या मॅटखाली टाकायला.